हिरोशिगे की हासुई: वारशातल्या कोणत्या प्रिंटचं मूल्यमापन आधी करावं?

वारशात जपानी वुडब्लॉक प्रिंट (कोरलेल्या लाकडी ठोकळ्यांनी कागदावर छापलेली चित्रं) आल्या की नजर आधी जुन्या, मोठ्या नावाकडे जाते. हिरोशिगेचा (१७९७–१८५८) एदोमधला (आजच्या टोकियोमधला) पाऊस आणि कावासे हासुईचं (१८८३–१९५७) बर्फातलं देऊळ, दोन्ही हाती आले असतील, तर मी मूल्यमापन करणाऱ्याला आधी हासुई दाखवीन.

हिरोशिगेची सही आणि प्रकाशकाचा शिक्का लाकडातच कोरलेले असतात. मागणी एवढी, की त्याच्या चित्रांचे ठोकळे पुढे पुन्हापुन्हा नव्याने कोरले गेले, सहीसकट. त्यामुळे नुसत्या सहीवरून काहीच सिद्ध होत नाही. भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती यंत्रावरची छपाई, तिच्यासाठी फी भरू नका. ठिपके नसतील तर कागद उलटा करा. हाताने घासून छापलेल्या प्रिंटमध्ये रंग मागपर्यंत मुरलेला दिसतो. पण विसाव्या शतकातल्या चांगल्या प्रतिकृतीही अशाच छापल्या गेल्या, म्हणून शेवटचा निर्णय संग्रहालयातल्या प्रतीशी रेघ न् रेघ ताडूनच होतो. हे वेळखाऊ काम आहे.

हासुईचं तसं नाही. त्याचा मुख्य प्रकाशक वातानाबे शोझाबुरो. त्याचे शिक्के काळानुसार बदलत गेले, आणि जाणकार त्यावरून छपाईचा काळ बराच नेमका सांगतो. सुमारे ६ मिलिमीटरचा गोल शिक्का साधारण १९४६ ते १९५७ मधला. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत वातानाबेचे ठोकळे आणि साठा जळाला, म्हणून त्याआधीची हासुईची प्रिंट फार दुर्मिळ. हासुई गेल्यावरही त्याची चित्रं छापली गेली, त्यांची किंमत बरीच कमी. ताजमहाल आणि अजिंठा चितारणाऱ्या योशिदा हिरोशीच्या प्रिंटवर डाव्या समासात ‘जिझुरी’ शिक्का आहे का, तेही पाहा. तो असेल तर छपाई त्याच्या देखरेखीखालची.

म्हणूनच समास कापू नका. उन्हाने उडालेला रंग, चिकटपट्टीचे डाग, पुठ्ठ्याला चिकटवलेली पाठ, यांनी भाव पडतो. पण सोडवण्याची किंवा पुसण्याची खटपट घरी नको.

विकायचंच असेल तर लिलावगृहाकडून फोटोंवरून अंदाज मिळू शकतो, बहुतेकदा फुकट. भावंडांत वाटणी असेल तर बाजारभावाचा लेखी अहवाल घ्या. विम्यासाठीचा आकडा वाटणीत वापरू नका, तो सहसा चढा असतो. आणि मूल्य ठरवणाराच खरेदीदार नसावा.