ऑल-व्हील ड्राइव्ह की फुल-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह? चढावर थांबून निघताना कळलेला फरक

दोन्हींत ताकद चारही चाकांना जाते आणि रोजच्या रस्त्यावर दोन्हींत चालवणाऱ्याला वेगळं काही करावं लागत नाही. त्यात कंपन्याही ही नावं सैल हाताने वापरतात, म्हणून घ्यायला निघालेला माणूस गोंधळतो. मी आधी सहा वर्षं ऑल-व्हील ड्राइव्ह चालवली, गेली चार वर्षं फुल-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह चालवतोय. पुढचं सगळं त्या अनुभवावर.

मागच्या दारावरचा बिल्ला सोडा, आत काय आहे ते बघा. बहुतेक लहान-मध्यम एसयूव्ही मुळात पुढच्या चाकांवर चालतात. मागच्या चाकांची ताकद एका मल्टिप्लेट क्लचमधून, म्हणजे एकमेकींवर आवळल्या जाणाऱ्या चकत्यांच्या संचातून जाते. पुढची चाकं घसरली, किंवा घसरतील असा संगणकाला अंदाज आला, की तो क्लच आवळला जातो. फुल-टाइममध्ये त्या जागी सेंटर डिफरेन्शियल (डिफ), म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधली गिअरची जोडणी असते. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक ही जोडणी सांभाळून घेते, त्यामुळे कोरड्या डांबरावरही चारही चाकं कायम कामात राहतात. १९७० ची रेंज रोव्हर आणि १९७७ ची लाडा निवा याच घराण्यातल्या: सेंटर डिफ, त्याला लॉक (पुढची-मागची चाकं एकाच वेगाने फिरतील अशी जखडणारा), शिवाय लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर. १९८० च्या ऑडी क्वाट्रोतही चारही चाकं कायम चालायची, पण लो रेंज नव्हती. म्हणजे सगळ्याच ऑल-व्हील ड्राइव्ह मागणीनुसार जागं होणाऱ्या नसतात, हेही खरं.

डांबरावर, पावसात, ओल्या वळणांवर माझ्या जुन्या गाडीबद्दल तक्रार नव्हती. हलकी होती, तेल कमी प्यायची, स्टिअरिंगही मोकळं. तेवढ्यासाठीच गाडी हवी असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

माझं बिनसलं ते एका चिकणमातीच्या चढावर. गाडीत पाच माणसं आणि सामान. पुढची गाडी मधेच थांबली म्हणून मीही थांबलो. परत निघताना आधी पुढची चाकं जागच्या जागी भिरभिरली, मग मागून ढकलल्यासारखा धक्का बसला, गाडी हातभर सरकली आणि पुन्हा घसरली. असं चार-पाच वेळा झालं. क्लच लॉक करायचं बटण मी आधीच दाबलं होतं. मग समोर दिवा लागला: यंत्रणा तापली आहे, थांबा. स्वतःला वाचवण्यासाठी क्लच सुटला आणि मागची चाकं नुसती फरफटणारी झाली. भर चढावर ब्रेक दाबून, चाकामागे दगड लावून वीसेक मिनिटं थांबलो. त्याच मोसमात हे आणखी दोनदा झालं. दुरुस्तीवाल्याने तपासून सांगितलं, गाडीत बिघाड नाही, ती अशीच वागणार. मला तेच खटकलं. बिघाड असता तर दुरुस्त करून घेतला असता.

आताच्या गाडीत अशा जागी न्यूट्रल करून लो रेंज टाकतो आणि सेंटर डिफ लॉक करतो. लॉकचा दिवा आधी लुकलुकतो, चाकं थोडी फिरली की स्थिर होतो. पहिल्या गिअरमध्ये क्लचच्या पेडलवरून पाय काढला की अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता गाडी चढू लागते. चाकांवरचा जोर साधारण अडीचपट झालेला असतो आणि लॉक दातेरी असल्याने घसरून तापण्यासारखं मधे काही उरत नाही. उतरतानाही इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकवर पाय ठेवून बसावं लागत नाही. हे सुख मला चढण्याइतकंच मोठं वाटतं.

याची किंमत मोजावी लागते. गाडी जड आहे, तेल जास्त लागतं. लॉक काढायला विसरून डांबरावर आलात तर वळताना स्टिअरिंग अडकल्यासारखं होतं, टायर घासतात आणि ट्रान्स्फर केसवर (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर) ताण येतो. लॉक टाकला नाही तर साध्या सेंटर डिफचा उपयोगही मर्यादित, कारण एक चाक हवेत गेलं की ताकद तिकडेच वाहून जाते. चारही टायर सारखे झिजलेले हवेत, ही अट मात्र दोन्हींना लागू. एक फुटला म्हणून एकच नवा घालून भागत नाही.

नवीन ऑल-व्हील ड्राइव्हचे क्लच माझ्या जुन्या गाडीपेक्षा चांगले असतील, आणि वर्षातून एकदाच माती लागणार असेल तर मी कुणाला जड गाडी घे म्हणणार नाही. पण महिन्यातून दोनदा जरी कच्चा चढ वाट्याला येत असेल, तर लो रेंज आणि सेंटर लॉक आहे का, हे आधी विचारा. चाचणीला गाडी मिळाली तर भरलेल्या गाडीने चढावर मधेच थांबून पुन्हा निघून बघा, आणि तेही लागोपाठ पाच-सहा वेळा.