कोडस्पेल पाच महिने वापरल्यावर: स्पेलिंग सुधारलं, कमांड मोडली

पहिल्या महिन्यात विचारलं असतंत तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते. नेटवर्क टेस्टिंगच्या एका टूलचे डॉक्स, म्हणजे वापराची माहितीपानं, माझ्या गळ्यात पडले होते. 'रिसीव्ह'मधला आय-ईचा घोळ आणि 'बँडविड्थ'मधला गायब डी पानोपानी. कोडस्पेल या स्पेलिंगच्या चुका शोधणाऱ्या टूलने मिनिटभरात सगळं धुऊन काढलं, तेही एक पैसा न घेता. फुकट ते पौष्टिक! डॅश डब्ल्यू हा ऑप्शन लावून फाइल परस्पर दुरुस्त करायची सवयच लागली.

मग तक्रार आली: डॉक्समधली राउटिंगची कमांड चालत नाही. बघतो तर 'आयआयएफ'चं 'इफ' झालेलं. पॅकेट ज्या इंटरफेसवरून आत येतं तो आयआयएफ. 'आयपी रूल' या राउटिंगच्या कमांडला तो शब्द तसाच लागतो. कोडस्पेलच्या यादीत मात्र ती 'इफ'ची टायपो. सुधारणेचा पर्याय एकच असला की डॅश डब्ल्यू विचारत बसत नाही, बदलून मोकळं होतं. नेबर डिस्कव्हरी या नेटवर्कमधल्या संकल्पनेचं 'एनडी' हे लघुरूप वाचलं ते त्याला एकाहून जास्त पर्याय आहेत म्हणून. तीन आठवडे ती मोडकी कमांड माझ्या नावावर होती, आणि लोक ती कॉपी करत होते. तिडीक गेली, टूल काढून टाकलं.

आठवड्यात गुपचूप परत आणलं. साध्या स्पेलचेकरला ट्रेसरूट, नेटमास्क, पीकॅप असे नेटवर्कचे शब्द सगळेच चूक वाटतात. लाल रेघांत पान दिसेना. कोडस्पेलकडे फक्त ठरावीक चुकांची यादी असते. यादीबाहेरची चूक निसटते, पण डोकं शांत राहतं. आता डॅश आय ३ लावतो, म्हणजे प्रत्येक बदल विचारून करतं. वगळायचे अकरा शब्द वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेत. पाचाचे चार स्टार.

एक स्टार माझाही कापायला हवा. एचटीटीपी चाचणीच्या पानावर 'रेफरर' हेडरमध्ये एक आर कमी दिसला. ऐटीत हाताने घातला. १९९६ च्या आरएफसी १९४५ या एचटीटीपीच्या तांत्रिक दस्तऐवजातच ते स्पेलिंग चुकलेलं आहे आणि तेव्हापासून तेच बरोबर धरतात, हे सहकाऱ्याने हसू दाबत सांगितलं.

आमच्या टूलच्या आउटपुटमध्येही असाच एक चुकलेला शब्द आहे. लोकांच्या स्क्रिप्ट नेमका तोच ग्रेप करतात, म्हणजे आउटपुटमध्ये शोधतात. डॉक्समधल्या नमुना आउटपुटमध्ये तो सुधारला तर डॉक्स शुद्ध होतील, पण खोटे. वगळायच्या फाइलमध्ये तो बाराव्या ओळीवर गेला.