गडचिरोलीतच विस्तार की अहेरीला नवा परिसर?

२०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन गोंडवाना विद्यापीठ उभे राहिले, तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांचे परीक्षा-पदवीच्या कामांसाठीचे नागपूरचे हेलपाटे वाचले. परंतु जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या सिरोंच्याहून गडचिरोलीसुद्धा सुमारे २०० किलोमीटर दूर आहे. विद्यापीठाचा गडचिरोलीतला मुख्य परिसरच वाढवला, तर प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि प्राध्यापक एकाच ठिकाणी मिळतात व खर्च आटोक्यात राहतो, हे मान्यच. जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या अहेरीला उपपरिसर काढल्यास प्राध्यापक टिकवणे अवघड जाईल. तरीही धानकापणीच्या दिवसांत घरी हातभार लावून, डबा घेऊन सकाळच्या एसटीने वर्गात पोहोचणाऱ्या मुलीचे शिक्षण त्या उपपरिसरामुळेच सुटणार नाही. म्हणून माझे मत अहेरीच्या बाजूने आहे. मात्र मुलींचे वसतिगृह वर्गखोल्यांच्या आधी बांधावे, कारण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो आणि तिकडच्या मुलींना रोज ये-जा करता येत नाही.