एकच ५० मिमी लेन्स, दोन बॉडी: एफएम२ आणि डी७५० आठ महिने वापरल्यावर

फिल्म चांगली की डिजिटल, या वादात बहुतेकदा लॅबच्या घाईतल्या स्कॅनची गाठ थेट रॉ फाइलशी (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीशी) घातली जाते. ते टाळायला फिल्मवर चालणारा निकॉन एफएम२ आणि डिजिटल निकॉन डी७५० या दोन्हींवर एकच ५० मिमी एफ/१.८डी लेन्स वापरली. फिल्म कृष्णधवल, इल्फर्ड एचपी५ प्लस, रोल घरीच धुतलेले (म्हणजे डेव्हलप केलेले). एक सूचना आधीच: ही लेन्स डी७५०वर चढवताना अ‍ॅपर्चर रिंग एफ/२२वर लॉक करा. विसरलात तर पडद्यावर ‘एफईई’ हा इशारा दिसतो आणि शटर पडत नाही. कॅमेरा बिघडलेला नसतो.

खरा फरक एक्स्पोजरमध्ये आहे. निगेटिव्हवर जपायची ती सावली. जिथे प्रकाश पोचलाच नाही, तिथे डेव्हलपरला काळी करायला काही मिळत नाही. रोल कितीही वेळ धुवा, तपशील उगवत नाही. उलट दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) जास्त पडले तरी पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या निगेटिव्हमध्ये शाबूत असतात. सेन्सरचं गणित याच्या विरुद्ध. पिक्सेल भरला की पांढरा डाग, तो परत येत नाही. मात्र आयएसओ १००वर तीन स्टॉप बुडालेली सावली रॉमधून स्वच्छ वर येते. म्हणून एचपी५साठी तपशील हवा असलेल्या सावलीवर मीटर वाचा आणि त्यापेक्षा दोन स्टॉप कमी प्रकाश द्या. डी७५०वर हायलाइट-वेटेड मीटरिंग, म्हणजे उजळ भाग जपणारं मोजमाप लावा. एफएम२चा मीटर मध्यभागाला ६० टक्के महत्त्व देतो, त्यामुळे चौकटीत आकाश जास्त आलं की तो फसतो. अशा वेळी कॅमेरा जमिनीकडे झुकवून वाचन घ्यावं.

रोल धुताना सगळं तापमानावर अडतं. आयडी-११ हा डेव्हलपर एकास एक, म्हणजे १५० मिलि द्रावण आणि १५० मिलि पाणी, २० अंशांवर १३ मिनिटं. दर मिनिटाच्या पहिल्या दहा सेकंदांत टँक चारदा उलटायचा. आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीच तिशीच्या आसपास असतं. तेवढ्या गरम डेव्हलपरमध्ये वेळ इतका आखडतो की ओतताना झालेला अर्ध्या मिनिटाचा फरकही निगेटिव्हवर दिसतो. बाटल्या बर्फाच्या टबात ठेवून २४ अंशांवर आणल्या तर साधारण ९ मिनिटं लागतात, आणि हे काम बारा महिने जमतं. फिक्सर (प्रतिमा पक्की करणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाजवळ हवं. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके वाळल्यावर हटता हटत नाहीत.

स्कॅन म्हणजे इथे निगेटिव्हचाच जवळून घेतलेला फोटो: डी७५०वरच मॅक्रो लेन्स, एफ/८, आयएसओ १००, खाली एलईडी लाइट पॅनल. निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यात येईपर्यंत स्टँड हलवा. हे केलं नाही तर एक कडा मऊ येते आणि दोष फिल्मच्या माथी बसतो. लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करून फोकस चित्रावर नाही, ग्रेनवर (फिल्मच्या दाण्यांवर) करायचा. स्कॅन नीट झाला की फिल्मबद्दलच्या निम्म्या तक्रारी उरत नाहीत.

तरीही १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटवर धार आणि स्वच्छपणा डी७५०चाच, यात शंका नाही. रात्री तर अंतर फारच वाढतं. एचपी५ १६००ला ओढली, म्हणजे आयएसओ १६००ची समजून वापरली आणि जास्त डेव्हलप केली (आयडी-११ न पातळ करता, १४ मिनिटं) की उजळ भाग चढतात, सावल्या मात्र काळ्याच राहतात. डी७५० आयएसओ ३२००वरही त्वचेचा पोत टिकवतो. लांब एक्स्पोजरमध्ये एचपी५ आणखी मंदावते: मीटर १० सेकंद म्हणाला तर २० द्यावे लागतात, ३० म्हणाला तर सुमारे ८६.

आकाश गडद करायचं तर एचपी५ला नारिंगी फिल्टर लागतो आणि निर्णय शटर दाबण्याआधीच घ्यावा लागतो. रॉमध्ये तो नंतर घेता येतो, पण निळ्या रंगाची उजळी फार खाली ओढली की आकाशात दाणे आणि पट्टे उमटतात. फिल्टरने आलेलं आकाश सलग उतरतं. दुपारच्या उन्हातल्या कृष्णधवल कामासाठी फिल्म बाळगण्याचं माझ्या मते हेच सर्वांत ठोस कारण.

फ्रिजरमधला रोल डबी न उघडता दोन-तीन तास बाहेर राहू द्या, नाहीतर दमट हवेत फिल्मवर पाणी धरतं. विमानतळावर सीटी स्कॅनर (तीव्र क्ष-किरणांचं तपासणी यंत्र) असेल तर न धुतलेले रोल हातानेच तपासायला द्या.