लिब्रेऑफिस रायटर: मराठीशेजारी रशियन टाइप करायचं असेल तर

रशियन शिकणाऱ्यांना आणि अनुवादकांना आम्ही लिब्रेऑफिस रायटर हे मजकूर लिहिण्याचं सॉफ्टवेअर निःशंक सुचवतो. तो फुकट आहेच, पण एकाच ओळीत मराठी नि रशियन आली तरी दोन्हींचे फॉन्ट तो वेगवेगळे सांभाळतो, हे जास्त मोलाचं.

इथेच बहुतेक जण अडखळतात. रायटरच्या लेखी देवनागरी 'सीटीएल'मध्ये (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, म्हणजे गुंतागुंतीच्या रचनेच्या लिप्या) मोडते आणि सिरिलिक, म्हणजे रशियनची लिपी, 'वेस्टर्न'मध्ये. म्हणून कॅरेक्टरच्या खिडकीत रशियनचा फॉन्ट आणि भाषा वेस्टर्नखालीच निवडायची. लिबरेशन सेरिफ किंवा पीटी सेरिफ घ्या.

कीबोर्ड विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'मधून रशियन भाषा जोडली की येतो. विंडोज आणि स्पेस दाबून बदलायचा. उच्चारानुसार चालणारा 'निमॉनिक' लेआउट (कळींची मांडणी) सोपा वाटतो, पण रशियात सगळीकडे प्रमाण लेआउटच असतो, तेव्हा तोच शिका. त्यात एफच्या जागी 'आ', जेच्या जागी 'ओ'. सुरुवातीला हमखास फसवतो तो पूर्णविराम: नेहमीची कळ दाबली की 'यू' अक्षर उमटतं. टिंब तिरक्या रेघेच्या कळीवर आहे, स्वल्पविराम शिफ्ट धरून त्याच कळीवर. 'यो' मिळतो १ च्या डावीकडच्या कळीवर.

स्पेलिंग तपासणीसाठी रायटर बसवतानाच 'कस्टम' निवडून डिक्शनरीजमध्ये रशियनवर खूण करा. कोश नसेल तर चुका असूनही लाल रेघ येत नाही आणि मजकूर निर्दोष असल्याचा भास होतो. उलट सगळंच लाल दिसत असेल तर खालच्या पट्टीत भाषा पाहा. तिथे इंग्रजी असणार. टूल्स, ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर 'इग्नोर सिस्टिम इनपुट लँग्वेज'वर खूण असेल तर काढा, म्हणजे कीबोर्ड बदलताच भाषाही बदलेल.

एखादाच शब्द लाल राहतो, दिसतो मात्र अचूक. अशा शब्दात बहुतेकदा इंग्रजी ए, सी, ई, ओ, पी किंवा एक्स घुसलेला असतो. रशियनमध्ये हुबेहूब अशीच दिसणारी अक्षरं आहेत, पण संगणकाला ती वेगळी. असा शब्द शोधूनही सापडत नाही. एकेक अक्षर तपासत बसू नका, अख्खा शब्द रशियन कीबोर्डवर पुन्हा टाइप करा. तिरप्या अक्षरांत 'ते' हा रशियन वर्ण छोट्या इंग्रजी एमसारखा दिसतो, तो मात्र दोष नव्हे. रशियन छपाईची रीतच तशी आहे.

जुनी टेक्स्ट फाइल उघडल्यावर अगम्य चिन्हं आली तर ती 'टेक्स्ट - चूज एन्कोडिंग' निवडून उघडा. एन्कोडिंग म्हणजे अक्षरं साठवण्याची सांकेतिक पद्धत. आधी विंडोज-१२५१ करून पाहा, मग कोई८-आर, डॉसच्या काळातली असेल तर ८६६.

शब्दात जोर कुठल्या स्वरावर ते दाखवणारं, विद्यार्थ्यांना लागणारं आघातचिन्हही जमतं: स्वरानंतर ०३०१ हे आकडे इंग्रजी अंकांत टाइप करून ऑल्ट आणि एक्स दाबा. चिन्ह स्वरावर न बसता बाजूला सरकलं, तर फॉन्ट बदला.