अ‍ॅटम प्रोब: व्होल्टेज पल्स की लेझर पल्स?

अ‍ॅटम प्रोब हे यंत्र नमुन्याच्या बारीक सुईच्या टोकावरून अणू आयन (विद्युतभारित अणू) म्हणून एकेक सोडवतं आणि ते कोणत्या मूलद्रव्याचे हे ओळखतं. त्यासाठी सुईवरच्या स्थिर व्होल्टेजच्या जोडीला व्होल्टेजचा किंवा लेझरचा क्षणिक झटका, म्हणजे पल्स, लागतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या ओतकामातला फेराइट (लोखंडाची एक स्फटिकी अवस्था) वीजवाहक असतो. सुई सुमारे ५० केल्विनला ठेवून स्थिर व्होल्टेजच्या १५ ते २० टक्के पल्स द्या, आमची पसंती यालाच. मात्र प्रत्येक पल्सला सुईवर ताण येतो आणि ठिसूळ नमुना तुटतो.

ऑक्साइडच्या थरातून व्होल्टेज पल्स टोकापर्यंत नीट पोहोचत नाही. तिथे ३५५ नॅनोमीटरचा लेझरच हवा. तो टोक क्षणभर तापवून आयन सोडवतो. ऊर्जा वाढवली की टोक सावकाश थंड होतं, वस्तुमानाच्या आलेखातल्या शिखरांना शेपट्या येतात. शिवाय लागणारं विद्युतक्षेत्र घटतं, सिलिकॉनचे एकभारित आयन वाढतात आणि वस्तुमान-भार गुणोत्तर २८ वर लोखंडाच्या द्विभारित आयनांत मिसळतात. ओतीव लोखंडात सिलिकॉनच मोजायचं असतं, म्हणून ही चूक महाग पडते. ऊर्जा मोजक्या पिकोज्यूलपासूनच वाढवत न्या.