मित्राची साइट सुधारायचीय, फोनवर सांगू की लिहून पाठवू?

तारकर्लीत होमस्टे चालवणाऱ्या मित्राने साइट बनवली आणि म्हणाला "बघून सांग रे कशी वाटतेय", तर आता दोन रस्ते, फोन करायचा नाहीतर नीट लिहून पाठवायचं.

फोनवर गोडीत बोलता येतं. "फोटो भारी आलेत, पण तुझं पेज उघडेपर्यंत माणूस देवबागला जाऊन परत येईल" असं हसत हसत सांगितलं की तोपण हसतो, रागवत नाही. पण फोन ठेवला की निम्मं डोक्यातून गेलेलं असतं, आणि मध्येच बाजारात सुरमई काय भावाने मिळाली यावर गाडी घसरते ती वेगळीच.

लिहिलेलं हाताशी राहतं. स्क्रीनशॉटवर गोल करून दाखवता येतं की बुकिंगचं बटण मोबाइलवर पार खाली गेलंय, फोटो कॅमेऱ्यातून काढले तसेच ५-६ एमबीचे टाकलेत ते वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो फॉरमॅट) करून लहान कर, साइटचा वेग तपासणारं गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे त्यात लिंक टाकून बघ, आणि हो, जुलैच्या पॅकेजमध्ये सिंधुदुर्ग किल्ला ठेवलायस, पावसाळ्यात होड्या बंद असतात, तो आधी काढ! नुसतं "साइट स्लो आहे" सांगून तो बिचारा करणार काय?

तोटा एवढाच की कोरडं लिहिलं तर टोमणा वाटतो.

मी लिहिण्याच्याच बाजूने. फक्त आधी फोनवर चांगलं काय ते मनापासून सांगायचं, मग यादी, आणि तीपण गावच्या ग्रुपवर नाही, त्याला एकट्यालाच.